कट्यारीवरचा काळेपणा ठेवायचा की घालवायचा?

माणदेशी_सून | १४ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मे महिन्यात गावच्या घराच्या वाटण्या झाल्या. गाव माण तालुक्यात, सातारा जिल्हा. थोरल्या दिरांकडे तलवार गेली, आमच्याकडे कट्यार आली. पातं पावणेदहा इंच, त्यावर मधोमध दोन बारीक लांबट खोबण्या. मुठीला दोन आडव्या दांड्या आणि हाताच्या पाठीवर येईल असं पानाच्या आकाराचं लोखंडी कवच. पातं मुठीला तीन खिळ्यांनी ठोकलेलं आहे. म्यान लाकडी, त्यावर कधीकाळी लाल असावी अशी मखमल. सासरे सांगायचे की त्यांच्या पणजोबांपासून ती देवघराच्या फडताळातच आहे.

रंग तपकिरी-काळा. रोजच्या वापरातल्या बिडाच्या तव्याची कड कशी गुळगुळीत, काळसर असते, तसा. हात फिरवला तर हाताला काही लागत नाही.

आता अडचण. जूनमध्ये ती ठाण्याला आणली आणि म्यानासकट कपाटात ठेवून दिली. परवा काढून बघते तर पात्यावर नारिंगी ठिपके! मसुराएवढे सात-आठ. बोट लावलं की पूड बोटाला येते. गावी चार पिढ्या काही झालं नाही आणि इथे दोन महिन्यांत हे.

नवऱ्याचं म्हणणं, दादांनी तलवारीला केलं तसं वर्कशॉपमधून फिरत्या चाकावर घासून, बफ मारून आणू, खंडेनवमीला लखलखली पाहिजे. दादांची तलवार मी पाहिली. स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखी दिसते. बघून कसंतरीच झालं, पण का ते मला सांगता येईना. भांडायला मुद्दे हवेत. द्या.

---

उंडगा | १४ ऑगस्ट, रात्री ११:४१

मी पयला! चिंच-मीठ चोळा, वर रांगोळीने घासा. आमच्या आजीची समई त्यावरच चकाकते. विषय संपला.

---

मेटल_मास्तर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

उंडगाराव, तुमची समई पितळेची. कट्यार लोखंडाची. चिंचेतलं आम्ल एक वेळ सोसलं असतं, पण मीठ? लोखंडाचा मिठाइतका मोठा वैरी नाही. ते गंजाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं, हवेतलं पाणी ओढत राहतं आणि वरून कितीही पुसलं तरी आतून काम चालू ठेवतं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिचे ओरखडे जन्मभर राहतात. वरचा सल्ला कुणीही पाळू नये, ही नम्र विनंती.

ताई, तुमच्या कट्यारीवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरातला वाद त्या एकच समजून चालला आहे.

काळसर, गुळगुळीत, हाताला न लागणारा थर म्हणजे पॅटिना. त्यात मुख्यतः लोखंडाचं काळं ऑक्साइड असतं, मॅग्नेटाइट. ते घट्ट धरून बसतं आणि खालच्या धातूला थोडंफार झाकतं. बंदुकीच्या नळीला मुद्दाम काळं-निळं 'ब्लूइंग' करतात, तेही हेच मॅग्नेटाइट. म्हणजे जी गोष्ट कारखान्यात पैसे देऊन करून घेतात ती तुमच्या फडताळात शंभर-दीडशे वर्षांत आपोआप झाली आहे.

नारिंगी पूड म्हणजे जिवंत गंज. आपल्याकडे तांबेरा म्हणतात तो. तो सच्छिद्र असतो, पाणी धरतो, पसरतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो शेजारचा चांगला थरही उचलून टाकतो.

तर काळं ठेवायचं, नारिंगी घालवायचं. आणि घालवताना काळ्याला धक्का लावायचा नाही, कौशल्य तेवढंच.

गावी काही झालं नाही याचं नवल नाही. माण म्हणजे पावसाच्या छायेतला कोरडा मुलूख. ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. त्यात तुम्ही ती म्यानात ठेवलीत. लाकूड आणि मखमल दोन्ही ओल शोषून घेतात. पावसाळाभर ओल्या रजईत गुंडाळल्यासारखं झालं ते. आधी पातं म्यानातून बाहेर काढा, आजच. बाकी चर्चा नंतर.

---

माणदेशी_सून | १५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

काढलं. म्यानाच्या तोंडाशी बुरशीसारखा वास येतोय. :(

---

सातारकर_अण्णा | १५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

महाराजांच्या काळातली असेल हो ताई! फोटो टाका. २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा तासभर रांगेत उभा होतो, अंगावर काटा आला होता.

---

शस्त्रवेडा | १५ ऑगस्ट, दुपारी १:४५

अण्णा, घराघरातली प्रत्येक कट्यार महाराजांच्या काळात नेऊन ठेवायची आपली सवय आता सोडू या. हा घाट नंतरही बराच काळ चालला.

मात्र तीन खिळे आणि दोन खोबण्या वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. ताई, हाताच्या पाठीवर कवच असलेली कट्यार दख्खन आणि दक्षिणेतली. तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातल्या अशा कट्यारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यातल्या पुष्कळांचं पातं आपल्याकडचं नाही, युरोपातून आलेल्या सरळ तलवारींचं आहे. त्या तलवारी, किंवा त्यांचे मोडके तुकडे, कापून कट्यारीच्या मुठीत खिळ्यांनी बसवायचे. तलवारीला 'फिरंग' हे नाव त्याच पात्यांवरून पडलं. खोबण्या ही त्यांची एक खूण. आपल्या लोहाराने एकसंध घडवलेल्या कट्यारीत पातं आणि मूठ असे खिळ्यांनी जोडलेले सहसा नसतात.

म्हणजे त्या काळ्या थराखाली, खोबणीत, कारागिराचा ठसा असू शकतो. असे ठसे फार उथळ असतात. बफच्या चाकाला ठसा आणि खरवड यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही सपाट करतं. खोबण्यांच्या कडा गोल होतात, खिळ्यांची डोकी झिजतात आणि शेवटी हातात उरतं एक चकचकीत, मुकं लोखंड. दादांची तलवार बघून तुम्हाला 'कसंतरीच' झालं ते याच्यामुळे.

अजून एक उदाहरण देतो. बिकानेरच्या किल्ल्यातल्या शस्त्रांवर टोच्याने ठिपके मारून देवनागरीत नोंदी आणि आकडे घातलेले असतात. राजा अनूपसिंह मुघलांच्या बाजूने दख्खनेत लढला, १६८९ च्या आदोनीच्या मोहिमेतली शस्त्रं त्या नोंदींवरून ओळखू येतात. सगळा पुरावा म्हणजे काय, तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके! कुणी उत्साहाने एक हात पॉलिश मारलं की ती कट्यार आदोनीची होती की अंबाल्याच्या बाजारातली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

---

कट्यारवाला_नवरा | १५ ऑगस्ट, रात्री १०:०२

वर ज्याची बदनामी चालली आहे तो मी. खास या धाग्यासाठी खातं उघडलं आहे.

माझा साधा प्रश्न. माझे खापरपणजोबा ही कट्यार कमरेला लावत होते तेव्हा ती काळी होती का? नव्हती. शस्त्र लखलखीत ठेवणं हा शिपाईगडी असण्याचा भाग होता. शिकलगार नावाची अख्खी जमात शस्त्रं घासून-पुसून देण्यावर जगायची, आडनाव आजही आहे. हा काळेपणा म्हणजे आमच्या घराण्याने चार पिढ्या केलेला आळस आहे. तो काचेच्या पेटीत ठेवून त्याचं कौतुक करायचं?

---

उंडगा | १५ ऑगस्ट, रात्री १०:०६

भावोजी +१. (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

शस्त्रवेडा | १६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

नवरोजी, मुद्दा बिनतोड आहे आणि पॅटिनाचे भक्त तो नेहमी टाळतात. आपल्याकडची उत्तम पाती काळी ठेवण्यासाठी बनलीच नव्हती. दक्षिणेतलं मुशीतलं पोलाद, तेलंगणात कोनासमुद्रमसारख्या गावांतून ज्याच्या ढेपा इराणी व्यापारी घेऊन जायचे, त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. शिकलगार पातं घासून आरशासारखं करायचा आणि मग हिराकसाच्या जातीचं खनिज लावून ती नक्षी उठवायचा. गंजाने तपकिरी झालेल्या पात्यावर जौहर झाकलं जातं. अशा पात्याचा मूळ मालक आज आला तर पहिलं आपल्यालाच फैलावर घेईल.

पण म्हणून बफ? शिकलगार हाताने घासायचा, पात्याच्या अंगाने, आणि थांबायचं कुठे ते त्याला ठाऊक असायचं. बफवाला गाडीचा बंपर आणि तुमची कट्यार एकाच चाकावर धरतो. तुमच्या दादांच्या तलवारीला जौहर असेल तर ते मेलेलं नाही, कारण ते पोलादाच्या आतच असतं. पण आता ते पुन्हा उठवायला पातं नीट घासून आम्ल द्यावं लागेल, आणि तसा हात असलेला माणूस शोधताना चपला झिजतील. मुठीवर कोफ्तगरीची सोनेरी तार होती का? कोफ्तगरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार नुसती ठोकून बसवलेली असते. तिची जाडी ती काय!

---

कट्यारवाला_नवरा | १६ ऑगस्ट, सकाळी ८:५५

होती. मुठीवर वेलबुट्टी होती, लहानपणी आम्ही बोटाने गिरवायचो. आता नाही. दादा म्हणाला "पिवळा रंग होता, निघून गेला."

---

मेटल_मास्तर | १६ ऑगस्ट, सकाळी ९:१२

अरेरे.

---

सुभेदाराचा_नातू | १६ ऑगस्ट, दुपारी ३:३०

थोडं अवांतर, पण लागू आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४ ला इटलीच्या आघाडीवर. येताना एक जर्मन संगीन घेऊन आले. मला आठवतंय तेव्हापासून ती गडद निळसर-काळी. १९८० च्या दशकात वडिलांनी "गंजलीय" म्हणून एका रविवारी सँडपेपर घेऊन तिला पांढरीफेक केली. मी शेजारी बसून पाणी ओतत होतो, पापात वाटेकरी.

पुढे कळलं की तो गंज नव्हताच, कारखान्यातलं ब्लूइंग होतं. पात्याच्या मुळाशी कारखान्याचा ठसा आणि आकडे होते, त्यातले दोन आकडे आता भिंगाखाली वळवून-वळवून बघितले तर भास होतो. म्यानावरचा आकडा शाबूत आहे. तो पात्याशी जुळत होता का, हे आता कायमचं राहिलं.

म्हणून नवरोजींच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की 'मूळ रंग कोणता' हे प्रत्येक हत्याराचं निराळं. ते कळेपर्यंत हात मागे ठेवायचे.

---

कोकणी_वारा | १६ ऑगस्ट, रात्री ९:१५

खोबरेल लावू नका हं कुणी! आमच्याकडे रत्नागिरीत कोयत्यांना लावतात, कोयता रोज वापरात असतो म्हणून चालतं. मी घरातल्या जुन्या बिचव्याला लावून ट्रंकेत ठेवला. वर्षाने काढला तर चिकट पिवळी साय, त्यात धूळ आणि झुरळाचा पाय. घासून काढताना जेवढं नुकसान झालं तेवढं गंजानेही केलं नसतं.

---

मेटल_मास्तर | १७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

बरोबर. खाण्याची तेलं हवेने घट्ट होतात, खवट होतात. शिवणयंत्राचं पातळ खनिज तेल वापरा.

ताई, आता कृती. घाई नसलेला दिवस निवडा.

हातात रबरी किंवा नायट्राइलचे मोजे घाला. घामात मीठ असतं, उघड्या बोटाचा ठसा काही दिवसांनी गंजाच्या रेघांनी उमटतो, अगदी पोलिसांना देण्यालायक. प्रत्येक नारिंगी ठिपक्यावर तेलाचा थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तासून तिचं टोक चपटं करा आणि तेलातच हळूहळू खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ आहे, त्यामुळे गंज निघतो, धातूला ओरखडा जात नाही. तांब्याचा चपटा तुकडाही चालतो. तेल लाल झालं की सुती फडक्याने टिपा, पुन्हा थेंब, पुन्हा काडी. अगदी हट्टी डाग राहिलाच तर चार शून्यांचं, म्हणजे सगळ्यांत बारीक, स्टील वुल तेलात भिजवून फक्त त्या डागापुरतं वापरा. सोनेरी-रुपेरी काम असेल तिथे तेही नाही. ठिपक्याखाली छोटा काळा खड्डा उरेल. उरू दे. खड्डा बुजवायला गेलं की पूर्ण पातं त्या खोलीपर्यंत घासावं लागतं, आणि बफवाले तेच करतात.

बाजारात मिळणारी गंज काढायची रसायनं, बॅटरी चार्जरला तारा लावून केलेले यूट्यूबवरचे प्रयोग, व्हिनेगरचं स्नान, हे सगळं गंजाबरोबर पॅटिनाही उतरवतं. खाली राखाडी, बोडकं लोखंड राहतं आणि ते आधीपेक्षा लवकर गंजतं.

शेवटी स्पिरिटच्या फडक्याने तेल पुसा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. रेनेसाँ वॅक्स नावाचं मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये याच कामासाठी तयार झालं, ते इथेही ऑनलाइन मिळतं. महाग आहे, पण डबी संपता संपत नाही.

---

माणदेशी_सून | १७ ऑगस्ट, दुपारी २:१०

मास्तर, खूप आभार. छापून फ्रिजवर लावलंय. दोन शंका.

एक, ठेवायची कशात? म्यानात नाही तर मग?

दोन, खंडेनवमी. सासूबाई गावाहून येणार. दरवर्षी कट्यारीला पाण्याचा हात, मग हळदकुंकू, झेंडू, आपटा. मी नको म्हटलं तर "ठाण्याला जाऊन सुधारली" हे ऐकावं लागेल.

---

मेटल_मास्तर | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

पहिल्याचं उत्तर सोपं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर धुतलेल्या सुती कापडात पातं. आत दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० च्या खाली राहिला पाहिजे. जेल भिजलं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. म्यान मात्र या डब्यात नको. इतक्या कोरड्या हवेत जुनं लाकूड चिरतं, मखमल सुटते. ते निराळं, सुती पिशवीत, हवा खेळेल असं ठेवा.

दुसरा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा. सासूबाई हा धातू मी अभ्यासलेला नाही.

---

कायद्याचं_बोला | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

रंगाचा बेरंग करतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम बघून ठेवा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्यांत येतात आणि तुमचं पातं पावणेदहा. घरच्या पूजेतली वस्तू असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या, आणि वर्कशॉपला किंवा कुणाला दाखवायला उघडी घेऊन फिरू नका. दुसरं, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशातल्या चुलतभावाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, खासगीरीत्या बाहेर नेता येत नाही.

---

उंडगा | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३४

आता भावोजी कट्यारच काय, भाजीची सुरीही मोजून घेतील.

---

नाशकातली_मावशी | १८ ऑगस्ट, रात्री ८:४५

सासूबाईंच्या प्रश्नाला मी पुरी पडेन. आमच्याकडे यजमानांच्या तलवारीला पंचवीस वर्षं ओलं कुंकू लावलं. जिथे बोट टेकायचं तिथे आज बरोब्बर बोटाएवढा खड्डा आहे. तो दाखवला आणि सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "देवाला लावलेलं देवालाच खातंय की." तेव्हापासून पाटावर लाल कापड, तांदळाची रास, त्यावर सुपारी. हळदकुंकू सुपारीला. तलवारीवर नुसते कोरडे तांदूळ. फुलं पाटाच्या कडेने. पूजा झाली की आरतीनंतर लगेच कोरड्या फडक्याने पुसून आत.

---

शस्त्रवेडा | १९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मावशी _/\_ वाचनखूण साठवली.

नवरोजींसाठी एक शेवटचं. जपानी लोक तलवारीचं पातं तज्ज्ञाकडून घासून घेतात, आरशासारखं. पण मुठीत लपणाऱ्या भागाचा गंज कुणीही कधीही काढत नाही, कारण त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून वय ठरतं. तो भाग घासला की तलवारीची किंमत गेली. एकाच हत्याराला दोन्ही न्याय. तेव्हा लखलखीतपणाची हौस हा काही गुन्हा नाही. ज्याला घासता येतं त्यानेच घासावं, एवढंच.

---

माणदेशी_सून | ७ सप्टेंबर, रात्री ११:५०

केलं! तीन रविवार गेले. नवऱ्याने पहिल्या रविवारी पेपर वाचला, दुसऱ्या रविवारी "बघू दे" म्हणून काडी घेतली, तिसऱ्या रविवारी मला हात लावू दिला नाही.

सगळे ठिपके गेले. पाच ठिकाणी बारीक काळे खड्डे राहिले. बाकी रंग होता तसाच, फक्त मेणाने थोडा खोल दिसतो, भिजलेल्या काळ्या मातीसारखा.

आणि शस्त्रवेडा, बसून वाचा. मुठीपासून दोन बोटांवर, खोबणीत, एक ठिपका खरवडताना नवरा ओरडला. समोरासमोर दोन चंद्रकोरी, प्रत्येकीला आतून करवतीसारखे दाते, टोकांना तीन-तीन ठिपके. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आडवा पाडला की दिसतात, सरळ पाडला की गायब.

---

शस्त्रवेडा | ८ सप्टेंबर, सकाळी ६:१५

झोप उडाली! याला पापणीचा ठसा म्हणतात. युरोपातल्या पात्यांवर असतो, इटलीतल्या जेनोवाशी त्याचं नातं जोडतात. पण लगेच पेढे वाटू नका. या ठशाचा दबदबा इतका होता की आपल्याकडचे आणि कॉकेशसमधले लोहारही तो बिनदिक्कत ठोकायचे. खोबण्या आणि खिळे बघता पातं युरोपीय असण्याकडे माझा कल आहे. आडव्या उजेडातले फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि या पात्याला जौहर उठवायला कुणी आम्ल लावा म्हणालं तर हाकलून द्या. युरोपीय पोलादात ते नसतंच, नुसता डाग पडेल.

---

कट्यारवाला_नवरा | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

हिशेब पूर्ण करतो. खंडेनवमी झाली. मावशींच्या पद्धतीने सुपारीला हळदकुंकू. आई दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "तुझे आजोबा पण कोरडंच पुसायचे. पाण्याचा हात मीच सुरू केला, चकचकीत दिसावी म्हणून."

दादा तलवार घेऊन आला होता. बफ मारल्याला वर्ष झालं नाही, पात्यावर चार बोटांचे ठसे तांबूस उमटलेत. माझी कट्यार हातात घेऊन, मोजे घालून बरं का, तो बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग विचारलं, "ती मेणाची डबी कितीला?"

---

उंडगा | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४४

ते मेण समईला चालेल का?

---

मेटल_मास्तर | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०१

समईत ज्योत पेटते हो उंडगाराव, मेण वितळून वातीत येईल. समईला तुमची चिंचच बरी. मीठ मात्र नीट धुवा.